नारळ फोडलेली डिस्क

मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा माझ्या सासुरवाडीत समज आहे, आणि तो मी बरीच वर्षं जपून वापरतो आहे. बायकोला खरं माहीत आहे. पण माहेरी ती गप्प बसते, कारण शेवटी नवरा तिनेच पसंत केलेला.

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीने सांगलीचा आणि जावई कवठे महांकाळकडचा. तासगावच्या एका बेदाण्याच्या शीतगृहातला सर्व्हर माझ्या गळ्यात आहे. सर्व्हर म्हणजे एकच लोखंडी पेटी, पण तिच्या पोटात चार आभासी मशिनं नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र बिऱ्हाड केलंय. एकत्र कुटुंबातल्या सुनांसाठी अशी सोय अजून कुणी काढलेली नाही. या चारांतल्या एका मशीनवर डेटाबेस आहे. कुणाचा किती बेदाणा आला, कुठल्या खोलीत ठेवला, सौद्यात म्हणजे लिलावात कधी निघाला, ते सगळं त्यात. नोंद झाली की चिठ्ठी छापून येते, आणि चिठ्ठी असल्याशिवाय माल सौद्याच्या टेबलावर जात नाही.

गुढीपाडव्यानंतरचा पहिला सौदा मुहूर्तावर होतो. मुहूर्ताला ज्यांच्या चिठ्ठ्या टेबलावर असतील, त्या शेतकऱ्यांना शीतगृहातर्फे फेटा बांधतात, पेढा देतात आणि फोटो काढतात. दरात त्याने काही फरक पडत नाही. पण माझ्या सासऱ्यांना तो फेटा हवा होता. ते फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले, मग द्राक्षाची बाग लावली, आणि दरवर्षी या फेट्यानं त्यांना हुलकावणी दिली. एकदा रॅकवर सुकत घातलेला माल अवकाळीत भिजला, एकदा वाटेत टेम्पोचा ॲक्सल तुटला. यंदा माल सुकून, निवडून वेळेत तयार होता. शिवाय मशीन जावयाच्या हातात. आता अडचण कसली यायची?

अडचण मीच आणली होती.

जुनी डिस्क भरत आली म्हणून मी नव्या, मोठ्या डिस्का मागवल्या. रीतीप्रमाणे त्यांच्यावर नवं आभासी मशीन उभं करून फक्त डेटाबेस हलवायचा, असं माझ्या मनात होतं. त्याला दोन दिवस लागले असते. शीतगृहाच्या अध्यक्षांनी पंचांग काढलं.

"उद्या पाडव्याला सकाळी चांगलं हाय. तवाच सुरू करा."

"आवं, एवढ्यात सगळं नवीन उभं राहणार नाही."

"मग जुनं हाय तसंच उचलून ठेवा की आत. घर बदलताना कपाट मोकळं करतोय व्हय आपण? भरलेलंच उचलतो."

हे मला पटलं, यावरून माझी लायकी ध्यानात यावी. मी जुनं मशीन जसंच्या तसं नव्या डिस्कवर उचलून ठेवलं. सर्व्हरला हळद-कुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला, आणि चाचणी म्हणून एक भलीमोठी फाईल कॉपी करून दाखवली. ती सर्रकन गेली. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ती थाप संध्याकाळपर्यंत पाठीवर घेऊन हिंडलो.

सौद्याच्या सकाळी नोंदीच्या चारही खिडक्यांवर रांगा लागल्या आणि चिठ्ठ्या निघेनाशा झाल्या. निघायच्या, पण नोंद दाबून माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन यावा, अशा बेतानं. सासरे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दोन नंबरच्या खिडकीच्या रांगेत ताठ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जावयाला चारचौघांत बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. पण त्यांच्या मागचा गडी कुणाचाच सासरा नव्हता.

"काय गड्या, मशीन नवं हाय का नवसाचं?"

मी आतल्या खोलीत शिरलो. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, फक्त डिस्क धापा टाकत होती. एवढ्याएवढ्याशा नोंदी लिहिताना तिचा जीव जात होता. मग मी डिस्कची मांडणी उघडली आणि पहिल्याच ओळीत दिसलं: सुरुवात, सेक्टर त्रेसष्ट.

पुढचं नीट सांगतो, कारण सासऱ्यांनाही नंतर असंच सांगावं लागलं. डिस्क म्हणजे पेट्यांची रास. त्या पेटीला सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कची पेटी पाचशे बारा बाइटची. नव्या डिस्कची पेटी आठपट मोठी. पण आमच्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. लग्नाला या म्हटलं की "येतो की" म्हणायचं आणि जायचं नाही. नवी डिस्क त्याच वळणाची. जुन्या मशीननं विचारलं, तुमची पेटी पाचशे बाराचीच ना? डिस्क म्हणाली, हो की. आणि आत मोठ्याच पेट्या ठेवल्या.

त्यातही निभलं असतं, पण जुन्या काळच्या सवयीनं आमच्या मशीनचं सामान त्रेसष्टाव्या छोट्या पेटीपासून मांडलेलं. त्रेसष्टाला आठानं भाग जात नाही. म्हणजे डेटाबेसचा प्रत्येक घास दोन मोठ्या पेट्यांच्या कडांवर पडत होता. लिहायचं मूठभर, पण डिस्क दोन्ही पेट्या उघडणार, सगळा माल बाहेर काढणार, मूठभर मिसळणार, पुन्हा भरणार, झाकणं लावणार. मोठी फाईल सलग जाते, तिला हे जाणवत नाही. छोट्या नोंदींचं मात्र कंबरडं मोडतं. आणि चिठ्ठ्या म्हणजे नुसत्या छोट्या नोंदी.

तातडीचा इलाज एकच होता. आठाच्या पाढ्यात बसेल अशा जागेपासून सुरू होणारी एक नवी आभासी डिस्क जोडायची आणि सगळ्यात जास्त लिहिली जाणारी नोंदवही, म्हणजे डेटाबेसचा लॉग, तिच्यावर हलवायचा. त्यासाठी डेटाबेस थोडा वेळ बंद करणं भाग होतं. मी बाहेर येऊन अध्यक्षांना सांगितलं.

"बंद?" ते म्हणाले. "मुहूर्ताच्या तोंडावर? पूजा झालीया त्याची."

"पूजेला काही होत नाही. बंद केल्याशिवाय हलत नाही ते."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जावईबापू, चालतंय तेवढं तरी चालू द्या की."

तेव्हा सासरे पहिल्यांदा बोलले. "चालू असून चालत न्हाई, ते बंद केलं तर काय बिघडतंय? करा बंद, पाव्हणं."

मी आत गेलो आणि बंद केलं. बाहेर खिडक्यांवरचे चारही स्क्रीन थिजले. काम करताना मला माणसांच्या कुजबुजीवरून रांगेचा अंदाज येत होता, आणि तो फारसा बरा नव्हता. लॉग हलला, डेटाबेस उठला. पहिली चिठ्ठी अशी फटकन निघाली की खिडकीवरची मुलगी दचकली. मग चारही खिडक्यांतून चिठ्ठ्यांचा मारा सुरू झाला. अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की हे पूजेचं फळ आहे.

मी सासऱ्यांना शोधलं. ते खिडकीशीच होते, हात रिकामे. मी बंद केलं त्या क्षणी नेमकी त्यांची नोंद अर्धी झालेली. डेटाबेस अर्धी नोंद ठेवत नाही, उठताना पुसून टाकतो. तो त्याचा गुण आहे, पुस्तकात त्याची फार स्तुती आहे. पोरगी त्यांच्या लॉटची माहिती पहिल्यापासून टाईप करत होती. एवढ्यात मुहूर्ताची घंटा वाजली. मागचे तेवढ्यात बाजूच्या खिडक्यांवर सरकले होते आणि त्यांच्या चिठ्ठ्या टेबलावर पोचल्या होत्या. मघाचा तो टोमणेवाला गडीसुद्धा फेटा बांधून घेत होता, आणि फेट्यात तो दिसतही चांगला होता.

सासऱ्यांचा माल पुढे विकला गेला, दर चांगला मिळाला. परतीला टेम्पोत मी पेट्यांची सगळी कथा सांगितली. ते ऐकत होते की रस्ता बघत होते, ते कळलं नाही.

"म्हंजे पहिलाच माणूस फूटभर सरकून उभा राहिला," ते म्हणाले.

"बरोबर."

"मग सगळी पलटणच वाकडी."

"हो."

"आणि उभं कुणी केलं त्याला?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

आता बायकोच्या माहेरालाही खरं कळणार, अशी मी मनाची तयारी ठेवली. पण आठवड्याभरात गावातून वेगळंच ऐकू आलं. सासरे पारावर सांगत होते, "फेटे काय, सगळ्यांनाच बांधत्यात. आमच्या जावयानं आख्खा सौदा थांबवला. अध्यक्ष हात जोडून हुबा." माहेरी गेलेल्या बायकोने हे मला फोनवरून ऐकवलं आणि फोन ठेवला.

उरलेला डेटाबेस मी पुढच्या सुट्टीत नीट नव्या मशीनवर हलवला. पंचांग न बघता. त्या संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. काम झालं का विचारलं, मी हो म्हणालो.

"बरं. पुढच्या पाडव्याच्या सौद्याला ते कवा बंद करणार हाय, तेवढं आधी सांगा, पाव्हणं. त्याच्या आधी बेदाण्याच्या पेट्या आणतो."