तीन लिनक्स, एकच फोल्डर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: बाईंची रेकॉर्डिंगं मी पुसली.

२०१६ साल असेल. तलासरी तालुक्यात झरीच्या बाजूला आमची दोनशिक्षकी शाळा. मी मुख्याध्यापक, आणि पहिली-दुसरीला बाई. गंजाडच्या, माझ्याहून बऱ्याच लहान. मुलं घरी पाड्याची बोली बोलत आणि पुस्तकातली मराठी ऐकली की गप्प होत. म्हणून बाई सुट्टीच्या दिवशी पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द, गाणी, गोष्टी मोबाइलवर घेत. वर्गात आधी ते कॉम्प्युटरवर ऐकवायचं, मग पुस्तक उघडायचं. कॉम्प्युटर आजीसारखा बोलतो म्हणून पोरं खिदळत, आणि मग स्वतःही बोलायला लागत. वीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं.

कॉम्प्युटर कुणीतरी देऊन टाकलेला. बाईंनी त्यावर विंडोजऐवजी चालणारी, फुकट मिळणारी तीन वेगवेगळी लिनक्स घातली होती. एकात प्रिंटर चाले, एकात मुलांचे खेळ, एकात आवाज नीट कापता येई. सुरू करताना हवं ते निवडायचं. रेकॉर्डिंगच्या फाइली मात्र तिन्हींच्या बाहेर, डिस्कच्या वेगळ्या भागात, एकदाच ठेवलेल्या. तोच फोल्डर तिन्हींत दिसे. एकात केलेली फाइल दुसऱ्यात हात लावू देईना, तर त्यांनी तिन्हीकडे कॉम्प्युटर वापरणाऱ्याला ज्या नंबराने ओळखतो तो सारखा करून तीही अडचण काढली. सगळं स्वतः वाचून, धडपडून.

"कळलं ना, गुरुजी?" त्यांनी विचारलं होतं. मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं, पण मुख्याध्यापकाने पुन्हा कसं विचारायचं?

एकदा बाई केंद्रशाळेच्या बैठकीला गेल्या असताना मला स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ ठेवायचा होता. कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. तो फोल्डर तिन्ही लिनक्समध्ये मी पाहिलेला होताच. म्हटलं, बाईंनी तीन-तीन प्रती कशाला केल्यात! प्रिंटरवाल्यातली पुसली, कचरापेटी रिकामी केली, व्हिडिओ आत टाकला. मग खात्रीसाठी दुसरं लिनक्स उघडलं. त्या फोल्डरात फक्त माझा व्हिडिओ होता. तिसऱ्यातही तेच.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मी उघडलं तेव्हा रिकामंच होतं, बाई."

त्यांनी दोन दिवस खटपट केली. हाती आले ते तुकडे. पेनड्राइव्हवर जुनं होतं, तेही निम्मंच. "माझंच काहीतरी चुकलं," त्या म्हणाल्या. "सगळं एकाच जागी ठेवलं ना." मी त्यांच्यापुढे चहा सरकवला.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा निघाल्या. मीही माझी मोटारसायकल काढली. कैनाडच्या एका म्हाताऱ्याने बाईंना पाहताच विचारलं, "मागं सगळं सांगितलं ना तुला? काय केलंस त्याचं?"

"हरवलं, बाबा. माझ्याच हातून."

"अन् पोरानं पाटी हरवली की त्याला ओरडता!" तो हसला, नीट बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. मोबाइल माझ्या हातात होता. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

वर्षभरात बाईंनी जवळजवळ सगळं पुन्हा जमवलं, पहिल्यापेक्षा नेटकं; आता एक प्रत घरीही ठेवत. पण गंजाडची एक म्हातारी मधल्या काळात गेली. तिची मुलगी शाळेत आली, आईचं गाणं एकदा ऐकायचंय म्हणून. बाईंनी तिची माफी मागितली. मी हजेरीपत्रक भरत होतो.

२०१९ मध्ये बाईंची बदली झाली. निरोपाला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गुरुजी बरोबर फिरले म्हणून हे पुन्हा उभं राहिलं." मी हात जोडले.

त्या आता डहाणूला शिकवतात. चूक त्यांची नव्हती, पुसलं मी, हे त्यांना सांगायचं राहिलं आहे. आणि गंजाडला जाऊन त्या म्हातारीच्या मुलीची माफी मागायची आहे. ती बाईंनी मागितली होती, माझी अजून बाकी आहे.