अक्काच्या उजव्या हाताची नखं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या थोरल्या आत्याचे. घरात सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. त्यामागे शिक्षक होते, वसतिगृह होतं, शिष्यवृत्ती होती, हे खरं. पण सातवीनंतर वडील मला कापसाच्या जिनात कामाला लावायला निघाले, तेव्हा दारात आडवी उभी राहिली ती अक्का. तिने एकच सांगितलं की जिनात या घरातला एक हात गेलाय, दुसरा जाणार नाही.

हात तिचाच गेला होता. आम्ही धरणगावचे. कापसाच्या दिवसांत गावातल्या जिनांत बायकांना काम असे. मी पाचवीत होतो त्या वर्षी यंत्रात कापूस सारताना अक्काचा डावा हात आत सापडला आणि मनगटापासून काढावा लागला. सहा महिन्यांत ती एका हाताने लुगडं नेसायला, पाणी ओढायला, भाकरी थापायला शिकली. तिची भाकरी थोडी लांबट व्हायची, एवढंच.

एक गोष्ट मात्र तिला शिकता येण्यासारखी नव्हती. उजव्या हाताची नखं उजव्याच हाताने कशी कापणार?

वाचणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. मलाही वाटलं होतं. पण जिन सुटल्यावर अक्काला काम मिळालं ते गावातल्या एका मारवाडी शेठजींच्या घरी, धान्य निवडायचं. गहू, डाळ, तांदूळ परातीत पसरून खडे वेचायचे, हे एका हाताने होत होतं आणि ती ते दोन हातांच्या बाईपेक्षा चोख करायची. शेठाणीबाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण स्वयंपाकघराच्या बाबतीत फार कडक. धान्याला हात लावण्याआधी त्या रोज म्हणायच्या, "अक्का, पहिले नख बताव."

आधी अक्का नखं दातांनी कुरतडायची. शेठाणीबाईंनी एकदा ते पाहिलं आणि हात उष्टा झाला म्हणून तिला परत पाठवलं. मग ती पाट्यावर नखं घासायला लागली, तेव्हा माझी आई ओरडली, कारण त्याच पाट्यावर मिरच्या वाटायच्या असत. राहिला मार्ग एक, कुणाला तरी सांगायचं. न्हावी पंधरा दिवसांनी यायचा आणि नराणीने ओट्यावरच्या सगळ्या पुरुषांची नखं काढायचा, पण त्या पुरुषांच्या रांगेत हात पुढे करून बसायला अक्का तयार नव्हती. म्हणजे सांगायचं ते आईला.

आई वाईट नव्हती, कामात बुडालेली होती. त्यात शनिवारी नखं कापायची नाहीत, अमावस्येला नाही, दिवेलागणीनंतर नाही. उरलेल्या वेळात आई चुलीपाशी नाहीतर विहिरीवर. अक्का अर्ध्या ब्लेडचा तुकडा पदराच्या गाठीत बांधून तिच्या मागे फिरायची.

"थांबा ना अक्का. मना नखंसले त वाढाले बी येळ नही," आई म्हणायची.

आणि शेवटी बसायची तेव्हा घाईत इतकं खोल कापायची की अक्काची बोटं दोन दिवस हुळहुळत. अक्का कधी तक्रार करायची नाही. एकदाच ती मला म्हणाली, "माले बठ्ठं जमस. हाई एकच काम दुसराना हातमा शे."

मग ते काम मी घेतलं. मॅट्रिक होईपर्यंत दर रविवारी ओट्याच्या पायरीवर बसून मी तिची पाच नखं कापायचो आणि ती मला पाठांतर म्हणायला लावायची. तिला वाचता येत नव्हतं, पण मी अडखळलो की ती बोट मागे घ्यायची.

धुळ्याला कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा घरात सगळे फीचं आणि बिछान्याचं बोलत होते. माझ्या मनात नखं होती. तिच्याही असावीत, कारण मी काही म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "तू जाय भाऊ. नखं काय, वाढतस नि तुटतस."

धुळ्याच्या वसतिगृहात मी नेलकटर पहिल्यांदा पाहिलं. माझ्या खोलीतला मुलगा सधन घरचा होता. त्याच्याकडे ते चकचकीत, साखळी लावलेलं, आत लहानशी कानस असलेलं नेलकटर होतं. मी ते हातात घेतलं आणि मला अक्काच दिसली. ब्लेड धरायला बोटं लागतात, हे तर नुसतं दाबलं की कापतं. दाबायला बोटं कशाला हवीत? तिच्या डाव्या हाताचा मनगटापर्यंतचा भाग शाबूत होता. तो वरून दाबेल, नेलकटर फळीला पक्कं बसवलं की झालं. तरफेचा नियम मी त्याच महिन्यात शिकलो होतो. मला वाटलं, माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग हाच.

ते नेलकटर फळीला बसवताना माझी जी दमछाक झाली ती आठवली तरी आजही चीड येते. त्याला शेपटीकडे एकच भोक. एका स्क्रूने बसवलं की ते घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. दुसरं भोक पाडावं तर पोलाद इतकं कडक की सुताराचं गिरमिट घसरलं आणि फळीच चिरली. तांब्याची तार गुंडाळली, ती दोन दिवसांत ढिली झाली. खोलीतला मुलगा म्हणायचा, "आम्ही बीएस्सी करतोय, हा नखएस्सी करतोय." शेवटी चार खिळे वाकवून मी ते जखडलं आणि सुट्टीत घेऊन गेलो. अक्काने माझ्यासमोर दोन नखं कापली. मी खुशीत परतलो.

दिवाळीला घरी गेलो तर तिच्या डाव्या मनगटाच्या टोकाला काळानिळा खळगा पडला होता. नेलकटरचा दांडा बोटाएवढा अरुंद, आणि ते टोक हळवं. दर आठवड्याला ती तो दांडा तिथे रोवून दाबत होती. मला काही कळवलं नव्हतं.

"देख, तुना यंत्रनं काम," आई म्हणाली आणि ब्लेड घेऊन तिच्यापुढे बसली.

मी दांड्यावर लाकडाची गोळी बसवली, ती निघाली. चामडं शिवलं, ते सरकलं. पुढची दोन वर्षं मी दर सुट्टीला काहीतरी नवीन न्यायचो आणि दर सुट्टीला ते कोनाड्यात जाऊन पडायचं. बाजारात मिळणारी प्रत्येक वस्तू मी तपासली. ब्लेड असो, कात्री असो, नेलकटर असो, दोन हातांच्या माणसाने दोन हातांच्या माणसासाठी केलेली. पाच बोटं असणाऱ्याला दुसरी पाच असणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. राग कुणावर काढायचा तेही कळायचं नाही.

पदवी मिळाली आणि मला भुसावळजवळ दीपनगरला वीज केंद्राच्या लॅबमध्ये पाणी तपासायची नोकरी लागली. राहायला वसाहतीत खोली मिळाली, खोलीत टेबल आणि खुर्ची. ओळखीच्या एका फिटरला मी सगळं सांगितलं. माझं म्हणणं होतं की आता हात नको, पाय वापरायचा. लोखंडी स्टँड, वर नेलकटर, खाली पायटा, मध्ये सायकलच्या ब्रेकची तार. पाय दाबला की तार ओढणार, नख कापलं जाणार, स्प्रिंगने दांडा परत वर. फिटरने त्याच्या सुट्टीत मन लावून ते केलं. पूर्ण झाल्यावर तो मागे सरून म्हणाला, "साहेब, हे नखाला? मला वाटलं बैलाचे खूर काढायचेत."

मी माझ्या टेबलाशी खुर्चीवर बसून मापं घेतली होती. स्वतःची पाचही नखं त्यावर कापून पाहिली. उत्तम चाललं. एसटीत चढवताना कंडक्टर म्हणाला, "शिलाई मशीन का? वरती टाका." मला त्याचा अभिमानच वाटला.

अंगणात स्टँड ठेवला. अक्का त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "एवढं मोठं? नखं पाच शेतस मनी."

मग ती नेहमीसारखी खाली बसली, आणि नेलकटर तिच्या डोक्याच्या वर गेलं.

आमच्या घरात खुर्ची नव्हती. जन्मापासून ज्या घरात मी जमिनीवर जेवलो, जमिनीवर अभ्यास केला, त्या घरात कुणी खुर्चीवर बसत नाही हे मी साफ विसरलो होतो. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. मी तिला खाटेवर बसवलं, तर सुंभ खाली गेलं आणि गुडघे वर आले. पोत्यांच्या थप्पीवर बसवलं, तर पाय पायट्यापर्यंत पोचेना. शेवटी ओट्याच्या कडेला बसवून खाली विटा रचल्या. लुगड्याचा काठ पायट्यात अडकत होता, तो मी धरून ठेवला. करंगळीचं नख कापलं गेलं. कट असा आवाज झाला. अक्काने करंगळी डोळ्यांपाशी नेऊन पाहिली आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता झालं.

पुढचं अनामिकेचं. पायाला हाताएवढा अंदाज नसतो. तिने जरा जोरात दाबलं आणि नखाबरोबर मांसही गेलं.

चूक माझी होती. बोललो मात्र मी तिला. "तुला नीट बसताच येत नाही," मी म्हणालो, आणि तेही आईच्या देखत, चढ्या आवाजात.

अक्काने बोट पदरात गुंडाळलं. "मी पन्नास वरीसपासून अशीच बसस भाऊ. तुना यंत्रले सांग."

दुसऱ्या दिवशी शेठाणीबाईंनी बोटाची चिंधी पाहिली आणि जखम भरेपर्यंत धान्याला हात लावू नको म्हणून सांगितलं. म्हणजे ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, ते कामच माझ्यामुळे थांबलं. अक्का घरी आली आणि वांगी चिरायला बसली. विळीच्या पाटावर पाय ठेवलेला, चिंधी बांधलेलं बोट वर उचललेलं, आणि वांगं पात्यावर फिरवत होती. मी ते पाहिलं आणि रागारागात पिशवी उचलून एसटी गाठली. निघताना नमस्कारही केला नाही.

जळगावला गाडी बदलली. नशिराबाद मागे पडलं आणि मला विळी दिसली. मघाशी नुसती पाहिली होती, आता दिसली. पातं जागेवर, पाट पायाखाली, हलतो तो फक्त हात. दुसरा हात लागतच नाही. अक्का गेली बारा वर्षं रोज माझ्यासमोर हे करत होती, आणि मी मात्र धुळ्याहून नि दीपनगरहून तिच्यासाठी शोध लावून आणत होतो. गाडीत जागा असूनही मी भुसावळपर्यंत उभा राहिलो.

खोलीवर आल्यावर खाली बसून पाहिलं. मांडी घालताना गुडघे दुखले. फिटरकडून बारीक दातांची एक कानस आणली आणि एका पाटावर उभी करून पाहिली, पण किती उंच ठेवायची हे ठरेना. या वेळी मला माझं माप घ्यायचं नव्हतं. म्हणून पत्र लिहिलं. अक्काने उत्तर लिहवून घेतलं नाही. मी मापासाठी पाठवलेली सुतळी तिने दोन गाठी मारून माझ्याच पत्रात गुंडाळून परत पाठवली, म्हणून ते पत्र आज माझ्यापाशी आहे.

तीर्थरूप अक्कास, साष्टांग नमस्कार.

हे पत्र शेजारचे मास्तर वाचून दाखवतील, आणि ओट्यावर आणखी चार माणसं ऐकत असतील. ऐकू देत. मी तुला सगळ्यांदेखत बोललो, तर माफीही सगळ्यांदेखतच मागायला हवी. तुला बसता येत नाही असं मी म्हणालो. खरं म्हणजे बसायचं मी विसरलो. तुझं बोट मी कापलं आणि तुझं काम मी थांबवलं. शेठाणीबाईंना सांग की भाच्याच्या हातून चूक झाली, अक्काच्या हातून नाही.

तो लोखंडी स्टँड आईला देऊन टाक. लसूण टांगायला बरा पडेल.

आता मी एक लहान पाट करणार आहे, विळीसारखा. पात्याच्या जागी कानस. पाट तू पायाखाली धरायचास आणि नख त्यावर घासायचंस. कापायचं काही नाही, म्हणून रक्त यायचं काही नाही. पाटाची लांबी-रुंदी मला कळते, कानशीची उंची कळत नाही. ती तुलाच सांगावी लागेल.

सोबत सुतळी पाठवतो. विळीपुढे बसतेस तशी बस. सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धर. बोटं जिथे आपोआप टेकतील, खांदा उचलावा लागणार नाही, तिथे एक गाठ मार. मग हाताचा अंगठा टेकेल तिथे दुसरी. आईला मापू देऊ नकोस, मास्तरांनाही नको. माप तूच घे.

गाठ एका हाताने बसली नाही तर दातांनी ओढ. सुतळी उष्टी होत नाही.

तुझा भाचा