बाजूला उतरलेला रोग

माझी मोठी बहीण मुरबाडकडच्या गावात दिलेली. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. तिने आधी मला सांगितलं, नवऱ्याला नाही. मी खर्डीजवळच्या पाड्यावर अंगणवाडी सेविका. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लक्षणं लिहिलेला तक्ता माझ्याच भिंतीवर होता, बैठकीत मी तो बायकांना वाचून दाखवायचे. बहिणीला मात्र म्हणाले, उष्णता असेल, कापणी उरकू दे, मग दाखवू. का म्हणाले, हे मला आजही सांगता येत नाही. आपल्या माणसाला असलं काही होत नाही, असं मनाने धरलं असावं.

कापणी झाली, झोडणी झाली. मग भावोजींनी तिला बाजारातल्या एका डॉक्टरकडे नेलं. त्याने तिला तपासलंच नाही, समोर बसवून दोन प्रश्न विचारले आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी चार दिवस थांबायचं, म्हणून ती चार महिने त्याच खात राहिली. कंबर धरली तेव्हा मी आणि भावोजींनी तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आतून तपासलं, फोटो काढायला लावले आणि आम्हां तिघांना समोर बसवलं. गाठ लहानच आहे म्हणाल्या, सुपारीएवढी. भावोजी गावी फोन लावायला उठलेसुद्धा. त्यांना बाईंनी खाली बसायला लावलं.

"गाठ केवढी ते सोडा. गर्भाशयाच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारं मऊ मांस असतं, रोग त्यात उतरलाय. तोंडापुरता असता तर पिशवी काढून टाकली असती. आता किरणांचे शेक द्यावे लागतील. पण गुण येईलच, असं मी सांगत नाही."

बहिणीने हळूच विचारलं, "बाजूला कवा उतारला असंल?"

नेमकं सांगता येत नाही, पण लवकर आला असता तर फरक पडला असता, असं बाई म्हणाल्या. बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सव्वा महिना शेक चालले. वर्षभर ती बरी होती, लावणीलाही उतरली. मग डावा पाय सुजला, लघवी अडली. रोग कंबरेच्या हाडापर्यंत भिडला होता. दिवाळीच्या आधी ती गेली.

दहाव्याला सगळ्यांदेखत भावोजी मला म्हणाले, "तू शिकलेली. पयलं तुलाच सांगितलं व्हतं तिनं. तू काय केलंस?"

त्या गोळ्यांबद्दल मला बोलता आलं असतं. पण मला दुसरंच लागलं. म्हणजे तिने त्यांना सांगितलं होतं. शेकाच्या त्या सव्वा महिन्यात धर्मशाळेत मी तिच्या उशाशी होते, तिची लुगडी धूत होते, आणि मला ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मी न जेवता दुपारची एसटी धरली.

यंदा भाचीचा फोन आला, तिला पांढरं जात होतं. त्याच दिवशी मी तिला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. काही निघालं नाही. तिला सोडायला मीही मुरबाडच्या एसटीत बसले, ती खिडकीकडे तोंड करून बसली. मुरबाडला उतरल्यावर "येते" म्हणाली, मावशी म्हणाली नाही.