त्यांनी टाळ्या वाजवल्या

१९५४ साल. मी एकोणीस वर्षांचा. कुंभकोणमच्या एका बंगल्यात मजला खांद्यावरचा पंचा काढून कमरेस बांधायला लावला. मोठ्यांपुढे आमच्यासारख्यानं तसंच उभं राहायचं. चपला फाटकाबाहेर.

मालकास सारं गाव मुदलाळी म्हणे. भाताच्या गिरण्या त्याच्या. पितळी भांड्यांचा कारखाना त्याचा. सिनेमा त्याचा, बसगाड्या त्याच्या. मंत्री आला की त्याच्याकडे जेवायचा. पोलीस इन्स्पेक्टर त्याच्या ओसरीवर पेपर वाचत बसायचा, आपलंच घर असल्यासारखा. नव्या रस्त्यावर कोणाची बस धावणार, ते तिथं केळीच्या पानावर ठरायचं.

मी त्याच्या एका बसवर कंडक्टर. ती बस आठवड्यापूर्वी सुंदरपेरुमाळ कोयिल गावापाशी कालव्यात गेली. विड्याच्या पानांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया बुडाल्या. ब्रेक धरत नाहीत, हे ड्रायव्हर गोविंदण्णानं माझ्यासमोर मुदलाळीस सांगितलं होतं. "सणापर्यंत चालव," एवढंच उत्तर. आता गोविंदण्णा पाय मोडून इस्पितळात, खाटेपाशी शिपाई. आणि मी मॅजिस्ट्रेटपुढे सांगायचं, तो प्यालेला होता. तो कधी ताडीस शिवला नाही. माझ्या तोंडून तो तुरुंगात जाणार होता.

त्या संध्याकाळी ओसरीवर सरकारी साहेब बसले होते. मुदलाळीनं मजला पुढं ढकललं.

"हा आमचा साक्षीदार. तंजावरच्या राजाचा माणूस बरं का! राज्य गेलं, आता तिकिटं फाडतो."

हशा.

"काय रे राजा, उद्या काय सांगशील?" इन्स्पेक्टर.

"गोविंदण्णा प्यालेला होता." शिकवलं तसं बोललो. तमिळमध्ये.

एक साहेब पान चघळत म्हणाला, "घरी काय बोलता रे तुम्ही?"

"मराठी, अय्या." तंजावरच्या मराठी राजांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले होते.

"मग त्यात सांग की. ऐकू दे राजाची भाषा."

मुदलाळी खूष. "बोल रे माकडा!"

मी तोंड उघडलं. आईशी बोलायची भाषा ती. तिच्यात ते वाक्य येईना. जीभच वळेना. आलं ते निराळंच.

"गाडीस ब्रेक नव्हते. यास ठावें होतें. त्या बाया यानेंच मारिल्या."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुदलाळी तर डोळ्यांत पाणी येईतो हसला. "रिकामी घागर जिन्यावरून पडली जशी! पुन्हा बोल."

पुन्हा बोललो. जोरात. पुन्हा टाळ्या. कळत नाही तोवर यांस खरंही चालतं. गंमत म्हणून चालतं.

फाटकापाशी इन्स्पेक्टरनं माझ्या मानेवर हात ठेवला. अगदी मायेनं. "उद्या तमिळमध्ये हं, राजा. कालवा खोल आहे."

घरी अप्पांस सारं सांगितलं. ते म्हणाले, "तो आपणांस या गावात राहू देणार नाही."

"ठाऊक आहे, अप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात गेलो. मुदलाळी पुढच्या खुर्चीवर. मॅजिस्ट्रेटनं आधी त्यास मान लववली, मग मजला विचारलं.

मी तमिळमध्येच सांगितलं. ब्रेक नव्हते. यास ठाऊक होतं. त्या बाया यानंच मारल्या. सावकाश सांगितलं, लिहिणाऱ्याचा हात मागं राहू नये म्हणून.

कोणी हसलं नाही.

"काय म्हणालास?" मॅजिस्ट्रेट.

"विचाराल तितक्यांदा हेच म्हणेन," मी म्हणालो. "लिहा."