शेवटचे दोन दिवस

भोंगाताईचा आवाज तुम्ही ऐकला असता, तर नको असलेली एक तरी चादर घेऊन घरी गेला असता, हे मी लिहून देतो. अंगाने काडी, पण हातात माइक आला की चौथ्या मजल्यावरची माणसं खिडकीत येत. टेम्पोच्या टपावर दोन भोंगे, चाकावर नवरा आणि शेजारी ही. नवरा दिवसभरात चार वाक्यं बोलला तरी डोक्यावरून पाणी. घरातलं बोलण्याचं खातं सगळं बायकोकडे. दातांचं शिबिर, सर्कस, हरवलेला कुत्रा, निवडणुकीत सकाळी एक उमेदवार आणि दुपारी त्याला पाडायला निघालेला दुसरा, सगळ्यांची वाहवा तिने त्याच एका घशातून केली होती. त्यात तिला काही वावगंही वाटत नसे.

तिचं ठेवणीतलं वाक्य एकच. ‘शेवटचे दोन दिवस! फक्त शेवटचे दोन दिवस!’ चादरवाले शेठ तिचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. दुकान कायमचं बंद करणे असल्यामुळे त्यांनी माल स्वस्तात काढला तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत जात होता. आता तोच मुलगा गल्ल्यावर बसतो, त्याला टक्कल पडायला लागलंय, आणि दुकान आपलं बंद होतंय ते होतंयच. हे काय लोकांना कळत नव्हतं होय? ताई रस्त्यात दिसली की कोणीतरी हमखास विचारी, “काय ताई, किती दिवस उरले?” आणि ती न चुकता म्हणे, “दोनच.” दोघं हसून आपापल्या वाटेला लागत.

एका शुक्रवारी सकाळी मोठ्या सिस्टर तिच्या दारात आल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे नगरपालिकेच्या प्रसूतिगृहातल्या जुन्या नर्सबाई; अर्ध्या वस्तीने डोळे उघडून पहिलं तोंड पाहिलं ते त्यांचं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं, की नगरपालिका प्रसूतिगृह बंद करणार आणि बाळंतिणींनी नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात जायचं. कोणाची हरकत असेल तर ज्याने त्याने स्वतः कचेरीच्या खिडकीवर येऊन नोंदवायची, आणि मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. नोटीस कधीची लावलेली होती म्हणे. कुठे? तर कचेरीच्या जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे. ज्यांना गाजावाजा नको असतो, त्यांनाही जाहिरातीतलं बरोबर कळतं हो. कोणाच्याच नजरेस पडू नये अशी जागा शोधायलाही अक्कल लागतेच.

ताईने वळून घरात पाहिलं. आत सूनबाई भाजी चिरत बसली होती, तिला नववा लागला होता. नदीवरचा पूल म्हणजे गाड्यांची दावण. एकदा अडकलं की अडकलं. ताईचा स्वतःचा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या मानेभोवती नाळ गुंडाळलेली होती. रस्ता ओलांडला की प्रसूतिगृह होतं म्हणून तो वाचला. पूल ओलांडायचा असता, तर आज ना तो असता, ना ही सून, ना तिच्या पोटातलं. ताईने हातातला कप तसाच ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, गाडी काढा.

आणि तिथेच घोटाळा झाला. जीभ म्हणजे सवयीची गुलाम. पहिल्याच वळणावर ती गरजली, “शेवटचे दोन दिवस! फक्त शेवटचे दोन दिवस! आपलं प्रसूतिगृह कायमचं बंद होत आहे! त्वरा करा!” आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही. ते लक्षात आणून दिलं वरच्या गॅलरीतल्या एका गृहस्थाने. त्याने वाकून विचारलं, सूट किती टक्के? शेजारच्या गॅलरीतून दुसऱ्याने भर घातली, एका बाळावर एक फुकट आहे का? एक आजी तर खरोखरच पिशवी घेऊन खाली उतरल्या. कोणीतरी हे सगळं मोबाइलवर टिपलं, आणि दुपारपर्यंत ‘प्रसूतिगृहाचा महासेल’ गावभर झाला. प्रसूतिगृह कुठल्या रस्त्याला आहे हे ज्यांना सांगता आलं नसतं, तेही पोट धरधरून हसले. कचेरीच्या खिडकीवर दिवसभरात हरकती आल्या दोन. एक मोठ्या सिस्टरांची आणि दुसरी त्या पिशवीवाल्या आजींची. आलेच आहे तर देते, म्हणाल्या.

सूनबाईनेही तो व्हिडिओ पाहिला. ती हसली नाही. मोबाइल पालथा घालून म्हणाली, “आई, लोकांना खरंच वाटत नाहीये.”

संध्याकाळी ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. गॅलरीतल्या त्या दोघांची तिने मनातल्या मनात यथासांग पूजा बांधली. पण चिडून चिडून माणूस किती चिडणार? राग उतरला तसं तिला सरळ दिसायला लागलं. लोकांचं काय चुकलं? शेवटचं म्हणजे शेवटचं नसतं, हे त्यांना इतकी वर्षं घसा ताणून शिकवलं कोणी? तिनेच की. तिला खरोखर लाज वाटली. पण लाजेपाठोपाठ धंद्याचं डोकंही चालायला लागलं. हसायला का होईना, सगळ्या गावाच्या तोंडी आज प्रसूतिगृहाचं नाव आलं होतं. सर्कशीलाही एवढी चर्चा कधी लाभली नव्हती. नाव तर निघालं, आता माणसं बाहेर काढायची. उद्या काय बोलणार ते तिने नवऱ्याला सांगितलं.

“सोमवारपासून आपल्याला बोलावणार कोण?” त्याने विचारलं.

“सोमवारचं सोमवारी,” ती म्हणाली. “आधी शनिवार तर काढू.”

त्याने उठून टेम्पोची बॅटरी चार्जिंगला लावली.

शनिवारी सकाळी टेम्पो उभा राहिला तो नेमका चादरवाल्या शेठच्या दुकानासमोर. कालची करमणूक आज पुढे चालू म्हणून लोक जमलेच, मोबाइलही वर झाले. ताईने आवाज चढवला नाही, घरात बोलावं तशी बोलली.

“मी तीच, कालची सेलवाली. हसून झालं असेल तर ऐका. हे शेठ दुकान बंद करणार नाहीत. कधीच करणार नव्हते. पडदेवाल्यांचा माल संपत आलेला नाही, गोदाम भरलंय. शेवटचे दोन दिवस म्हणून मी आजवर जे जे सांगितलं, त्यातलं काहीएक शेवटचं नव्हतं. प्रसूतिगृह मात्र खरंच बंद होतंय. तिथे जन्मला असाल, तिथे कोणाला जन्म दिला असेल, तर आज कचेरीच्या खिडकीवर या. हे खरं आहे. म्हणूनच आधीचं खोटं होतं, हेही सांगून टाकलं.”

शेठ बाहेर आले ते लालबुंद होऊन. त्यांचं तोंड उघडायच्या आत टेम्पो पुढे निघाला होता. मग प्रत्येक नाक्यावर तेच. पडदेवाल्यासमोर पडद्यांचं, चपलावाल्यासमोर चपलांचं. दुपारी घसा बसायला लागला, तरी ही थांबेना. हा व्हिडिओ कालच्यापेक्षा जोरात पळाला, कारण आपला दुकानदार आपल्याला इतकी वर्षं बनवत होता हे ऐकायला कोणाला आवडत नाही? पण ऐकता ऐकता पुढचंही कानावर पडलंच. दुपार टळली तेव्हा कचेरीची रांग जिना उतरून, त्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून रस्त्यावर आली होती. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, गॅलरीतले ते दोन विनोदी गृहस्थही. आणि मधोमध चादरवाले शेठ. ताईला झाडायलाच आले होते, पण रांग लावून देणाऱ्या मोठ्या सिस्टर दिसल्या. शेठचा तो टकल्या मुलगा त्यांच्याच हातचा. शेठ मुकाट्याने रांगेत उभे राहिले.

घड्याळाचा काटा कलला तसा कारकुनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वेळ संपली, आता शेवटचे पाचच जण, बाकीच्यांनी घरी जावं, असं त्याने जाहीर केलं.

मग मागे कोणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू रांगभर पसरत गेलं. हलला मात्र एकही नाही.

“अहो साहेब,” चादरवाले शेठ म्हणाले, “माझं दुकान इतकी वर्षं बंद होतंय. तुमची खिडकी एवढ्यात कशी होईल? बसा खाली.”

शेवटचं म्हटलं की घाबरायचं असतं, हे त्या वस्तीला ठाऊकच नव्हतं. काल ज्या खोडीने ताईचा घात केला, तीच आज खांबासारखी उभी राहिली. कारकुनाने दरडावून पाहिलं, साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी खिडकीतून रांगेचं शेपूट शोधायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. रांग संपेपर्यंत खिडकी उघडी ठेवावी लागली.

सर्वांत शेवटी ताई पुढे झाली, सूनबाईचा हात धरून. कारकून कावला होता. काय हरकत आहे, म्हणून त्याने खेकसून विचारलं. ताईने तोंड उघडलं आणि आतून नुसता वारा बाहेर पडला. इतक्या वर्षांत न बसलेला आवाज पार बसला होता. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सूनबाई अवघडल्या अंगाने खिडकीशी सरकली. “सासूबाईंचा आवाज गेलाय,” ती म्हणाली. “त्यांची हरकत माझ्या पोटात आहे. लिहा.”

कारकुनाने मान खाली घातली आणि लिहिलं.

प्रसूतिगृह अजून चालू आहे. कायमचं चालू राहील असं नगरपालिकेने म्हटलेलं नाही, निर्णय पुढे ढकलला एवढंच म्हटलंय. ताईही भोंग्यावरून तेवढंच सांगते, शब्दभरही जास्त नाही. जिन्याखालची जागा ती येता-जाता वाकून पाहते. सूनबाईला मुलगी झाली, रस्ता ओलांडून, मोठ्या सिस्टरांच्या हातात. परवा नात खांद्यावर घेऊन ताई दारात उभी होती, आणि गॅलरीतल्या गृहस्थाने सवयीने वरून हाक दिली, “काय ताई, किती दिवस उरले?”

“भरपूर,” ताई म्हणाली. “खाली या, बघून जा.”