लालबागहून येणारा फोन

माझा साठावा वाढदिवस उजाडला तो आमच्या ह्यांच्या भांडणाने. भांडण माझ्याशी नव्हतं, सोसायटीच्या ग्रुपवर होतं. लिफ्टमधली सूचना फक्त हिंदीत का लावली, यावरून हे चहाच्या आधीपासून मराठीच्या बाजूने लढत होते आणि लढत होते इंग्रजी अक्षरांत. मराठी कीबोर्ड त्यांना अजून सापडलेला नाही. तेवढ्यात दारावर कोळीवाड्याची मासेवाली आली. साहेबांनी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं, "बांगडा कैसा दिया?" तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"दादा, मराठीत विचारा, स्वस्तात देते," ती म्हणाली. हे एवढे गोरेमोरे झाले की आणखी चार बांगडे घेऊन बसले.

मला हसू आलं, कारण माझ्या बोलीची अडवणूक याच घरात झाली होती आणि ती मराठीनेच केली होती. मी लालबागच्या चाळीतली. वडील गिरणीत, घरात सगळा मालवणी कारभार. लग्न होऊन आले ती गिरगावात, जुन्या मुंबईकरांच्या घरी. इथे पिढ्यानपिढ्या कचेरीत कागद लिहिणारी माणसं, बोलणंही कागदावर लिहिल्यासारखं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "या घरात ते 'माका-तुका' नको हं. उद्या मुलं झाली तर त्यांची भाषा बिघडेल." मी मुकाट्याने शुद्ध झाले. ज्या मुलीची भाषा बिघडू नये म्हणून एवढं केलं, ती आता बंगळुरात राहते आणि सकाळीच मला "हॅपी बर्थडे मम्मा" म्हणून ऑफिसला गेली.

माझी मालवणी उरली होती ती फक्त फोनवर. आई लालबागहून फोन करायची. वाढदिवसाला तर हटकून, दुपारची जेवणं झाली की. लालबाग ते गिरगाव हे अंतर आपल्यालाच ओरडून कापायचं आहे, अशी तिची ठाम समजूत होती. "गो चेडवा, जेवलंस काय गो?" साठीला टेकले तरी मी तिचं चेडू, म्हणजे पोरगीच. मी हो म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न, "आणि सासू जेवली मा?" मग माशाच्या कालवणात तिरफळ घातलंस का, कढी केलीस का, सगळी चौकशी. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणायच्या, "यांना फोन कशाला लागतो? खिडकी उघडली तरी ऐकू येईल."

आई गेल्या वर्षी गेली. भाऊ आहे, पण तो केकचं चित्र पाठवून मोकळा होतो. साठ वर्षांच्या बाईने असं म्हणू नये, पण मला सकाळपासून पोरकं वाटत होतं. मला कुणी 'गो' म्हणणारं आता उरलं नव्हतं. आपली बोली एकटीने बोलता येत नाही, स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलून पाहिलं, तर ह्यांनी बाहेरून विचारलं, "कुणाचा फोन आहे?"

दुपारी बांगड्याचं तिखलं केलं, आईच्या हातासारखं, तिरफळ सढळ घालून. सोबत सोलकढी. सासूबाई नव्वदीला आल्या, चालणं संपलंय, पण जीभ शाबूत आहे, दोन्ही अर्थांनी. त्यांना ताट पलंगाशीच नेऊन दिलं. "तुमचं हे तिरफळ म्हणजे तोंडात मुंग्या," असं त्या दरवेळी म्हणतात आणि दरवेळी पुन्हा वाढून घेतात. आजही घेतलं. ह्यांनी तर ग्रुपवरचं युद्ध थांबवून भात मागितला. माझ्या मते शहरातल्या सगळ्या भांडणाऱ्यांना आधी पोटभर जेवायला घालावं, मग काय ते बोलावं.

जेवणं आटोपली. हे लवंडले. मी ओट्याशी पातेलं घासत होते आणि फोन मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला होता, म्हणजे तो वाजत नाही हे ऐकावं लागू नये.

"गो चेडवा, जेवलंस काय गो?"

आवाज खणखणीत, थेट लालबागहून आल्यासारखा. हेल मात्र पक्का गिरगावचा. मी हात न पुसताच आत गेले. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि माझ्याकडे न बघता चादरीची सुरकुती सारखी करत होत्या.

"अशी बघतेस काय? इतकी वर्षं कानठळ्या बसवल्यात त्या बाईने. पाठ होणारच."

मी म्हटलं, "जेवलंय गो आये." या घरात त्यांना 'गो' म्हणायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "पुढचं राहिलं."

"काय पुढचं?"

"सासू जेवली मा, ते. कधी चुकली नाही विचारायला. आणि मी कधी खोलीतून साधं 'जेवले' म्हटलं नाही." त्यांनी चादर सोडली आणि माझा ओला हात धरला.

"जेवली म्हणावं तिला. तिरफळ जरा जास्त होतं."