उलट्या आट्यांची वाटी

सायकल चालवायला मी लग्नानंतर शिकले, पण सायकल खोलायला त्याच्या फार आधी. उमरेडला माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. मुलीनं पान्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. बघायचं नाही, असा नियम करायचं मात्र त्यांना सुचलं नाही. मी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायची आणि बघायची. कोणी विचारलं, काकू, हे कुठं शिकलात, की मी आजही सांगते, तांदळात.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो. आमचे हे तिथं फिटर. लेक नागपूरला कॉलेजात, रोज बसनं जायची. एका संध्याकाळी आली ती तोंड पाडूनच.

"काहून वं, काय झालं?"

"सायकल पोलोत मुलींची टीम होऊन राहिली, आई. सर म्हणाले, रविवारी फिक्सवाली सायकल घेऊन ये, नाही तर येऊच नको."

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना सांगते. घोड्यावरचा पोलो असतो ना, तोच, घोड्याच्या जागी सायकल. एका हातात लांब काठी, दुसऱ्या हातात हँडल. ब्रेक दाबायला तिसरा हात देवानं कोणाला दिलेला नाही. म्हणून मागच्या चाकाचं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारं चक्र, काढून तिथं फिक्स चक्र बसवतात. मग चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय अडवले की सायकल अडते, उलटा जोर दिला की जागच्या जागी उभी राहते.

तिच्या बाबांनी ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "पोरीले काठी देऊन सायकलीवर नाचवू? पडून दात पडले तर उद्या पाहायले येणाऱ्यायले काय दाखवू?"

"दात सोडून बाकी सगळं दाखवा," मी म्हटलं.

हसू आलं त्यांना, पण अट घातलीच. "सायकल तयार झाली की पहिले मी चालवीन. एक जरी झटका बसला, तर सायकल भिंतीले अन् पोरगी घरात. मंजूर?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मंजूर.

यांची जुनी सायकल मागच्या अंगणात भिंतीला टेकून होती. कोराडीत कुठलीही वस्तू आठ दिवस उभी ठेवा, तिच्यावर केंद्राच्या कोळशाच्या राखेचा थर बसतो. ही तर कितीतरी वर्षं उभी. धुतली, पुसली, शहरातून फिक्स चक्र आणून मागं बसवलं. लेक कॉलनीच्या रस्त्यावर घेऊन गेली. गेली ती चालतच परत आली. कोपर खरचटलेलं, चेन लोंबत होती.

"उलटं पायडल मारलं की उतरते, आई."

मी पायडलचा दांडा धरून हलवला. डुगडुग, डुगडुग. दोन्ही पायडलं ज्या मधल्या एक्सलवर असतात, तो एक्सलच खिळखिळा झालेला. फ्रीव्हीलची सायकल समंजस बाईसारखी असते, असलं दुखणं अंगावर काढते. फिक्सवाली तसं काही चालवून घेत नाही. पुढं जोर, मागं जोर, सगळा त्या एक्सलवर. तो हलला की चेन ढिली, आणि चेन ढिली की पोरगी रस्त्यावर.

मग मधलं सगळंच बदलायचं ठरवलं. दोन्ही दांडे एक्सलवर अडकवणाऱ्या कॉटर पिना ठोकून काढल्या. एक्सलला दोन्ही बाजूंनी एकेक लोखंडी वाटी असते, तिच्यात छर्रे फिरतात. डावीकडच्या वाटीला अडवून धरणारी आट्यांची चकती सुटली, वाटी सुटली, एक्सल बाहेर आला. आत ग्रीस नव्हतंच. ग्रीस आणि राख मिळून काळं पीठ झालं होतं आणि त्या पिठानं एक्सलवर चर पाडले होते.

उरली उजवीकडची, चेनीच्या बाजूची वाटी. तेवढ्यात हे ड्यूटीवरून आले.

"हट वं. तिकडे हत्तीएवढे नट खोलून राहिलो मी, ही काय चीज आहे." पाना लावला, दात आवळले. "पाह्य, पाह्य, सुटून राहिली!"

"सुटून नाही, कसून राहिली. त्या बाजूचे आटे उलटे असतात."

"कोणं सांगितलं?"

"तांदळानं."

आता त्यांनी बरोबर बाजूला फिरवून पाहिलं. पण आधी एवढी कसली होती की पाना नुसता घसरायला लागला. वाटीचा काठ तो केवढा, जेमतेम चिमटीत धरावा एवढा. मग यांनी पाना खाली ठेवला. फिटर माणसानं पाना ठेवला की समजावं, काहीतरी निघणार.

"वाटी फिरत नाही ना? मग वाटी धरू अन् सायकल फिरवू."

मागच्या अंगणात त्यांच्या बाकावर लोखंडी शिकंजा होता. चाकं काढलेला सांगाडा आडवा केला, वाटीचा काठ शिकंज्यात घट्ट आवळला, आणि तिघांनी तीन बाजूंनी सांगाडा धरून जात्यासारखा ढकलायला सुरुवात केली. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"काय दळून राहिले वं तिघं?"

"राख!" लेक म्हणाली. तेवढ्यात कडाक्कन आवाज झाला आणि सांगाडा गर्रकन फिरला. वाटी सुटली आणि हे तोल जाऊन तुळशीजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी जुना एक्सल फडक्यात बांधून मी उमरेडची बस धरली. वडील थकले होते, पण दुकानात बसायचेच. त्यांनी माझा एक्सल आणि नवा एक्सल शेजारी शेजारी ठेवून लांबी जुळवली. मग नवा माझ्या हातात देऊन विचारलं, "लांब टोक कोणीकडे?"

"चेनीकडे."

चष्म्यावरून पाहिलं त्यांनी. "कोणं शिकवलं तुले?"

"तुम्हीच."

"मी? मी तं कधीच नाही शिकवलं."

"म्हणून तं चांगलं आलं."

खूप दिवसांनी हसले. वाट्या, छर्रे, नवी चकती बांधून दिली आणि निघताना म्हणाले, "बाई, जुनी चकती फेकजो नको. मागच्या फिक्स चक्राले पाठीवरून लाव. आटे तेच आहेत. चक्र उलट्या जोरानं सुटायले पाहते ना, चकती त्याले धरून ठेवीन."

हे मात्र मी तांदळात पाहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर वाट्यांत ग्रीस भरलं, छर्रे एकेक करून चिकटवले, एक्सल घातला. डावी वाटी जास्त कसली की एक्सल खरखरतो, कमी कसली की डुगडुगतो. मधली जागा बोटांना कळते. भाकरीचं पीठ कधी झालं हे जसं कळतं तशीच. कळली, नवी चकती आवळली. जुनी चकती मागच्या चक्रावर चढवून छिन्नीनं ठोकली.

शनिवारी संध्याकाळी हे सायकलवर बसले. लेक दाराशी ओढणीचं टोक चावत उभी. पहिला फेरा झकास झाला. पण जन्मभराची सवय. फाटक आलं की माणूस पायडल थांबवतो आणि ऐटीत तरंगत आत येतो. यांनी पाय थांबवले. पायडलं थांबली नाहीत. त्यांनी यांना सीटवरून हातभर उचललं आणि फाटक सोडून पुढं नेलं.

"अवं, थांबव हिले!"

"बाबा, उलटा जोर द्या गा, उलटा!" लेक मागं धावत सुटली.

दुसऱ्या फेऱ्याला त्यांनी पाय अडवले. सायकल फाटकासमोर खुंटीसारखी उभी राहिली. चेन जागेवर. हे उतरले, खाली वाकले, दांडा धरून हलवून पाहिला. काहीच हललं नाही. घाम पुसत म्हणाले, "झटका बसला."

लेकीचा चेहरा पडला.

"मले बसला," ते म्हणाले. "सायकलीत काही झटका नाही."

ती पुढं किती खेळली, कुठं कुठं गेली, ते तिचं तिनं सांगावं. मला आठवते ती रविवारची सकाळ. हे स्वतः बसच्या टपावर चढले, सायकल दोरीनं बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. खाली उतरून हात झटकले. मला म्हणाले, "तूही जा संग. पाना घेतला का?"

पिशवी वर करून दाखवली मी.